अंगठा एकाचा, घसा दुसऱ्याचा

अंगठा एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं, ही शिंगोशी गावाची जुनी रीत. सरपंच आहेत इंदूबाई कोरडे. ठरावाच्या पाटीवर अंगठा त्यांचा उमटतो आणि सभेत बोलतात त्यांचे यजमान पोपटराव. रेशनच्या दुकानात अंगठा म्हाताऱ्या सासूचा आणि भांडायला तोंड सुनेचं. गेल्या दोन पिढ्या गाव असंच चाललंय आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलेलं नाही. त्यामुळे पंचायतीच्या ओट्यावर आ-पेटी बसवली तेव्हा पुढं काय होणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. फक्त ती बनवणाऱ्या शिकलेल्या लोकांना सांगता आलं नाही.

साल दोन हजार चव्वेचाळीस. अँटिबायोटिकं देशभरात झिजून गेली होती. सर्दीला अँटिबायोटिक, पडशाला अँटिबायोटिक, उद्या लग्नाला जायचंय म्हणून आज अँटिबायोटिक. तीस वर्षं लोकांनी मागितलं आणि तीस वर्षं डॉक्टरांनी दिलं. यात जास्त गाढव कोण हे ठरवायला आयोग नेमावा लागेल. शेवटी कायदा आला. घसा दुखतोय? आधी आ-पेटीपुढं आ करायचा, मग काय ते औषध.

पेटीची अक्कल साधी होती. घसा दुखतो तो बहुतेक वेळा विषाणूनं. विषाणू म्हणजे धड जिवंतही नसलेली चीज. आपल्याच पेशीत शिरायचं आणि तिच्याच चुलीवर स्वतःची भाकरी भाजायची, असा त्याचा धंदा. अँटिबायोटिक त्याला मारू शकत नाही, कारण ते औषध जिवाणूची भिंत फोडायला बनवलेलं असतं आणि विषाणूला भिंतच नसते. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर समजावं की पाहुणा विषाणू आहे, चार-आठ दिवसांत आपणहून जाईल. जिवाणूची तऱ्हा वेगळी. एकदम ताप, खोकला नाही, गिळताना काटे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. तरी नुसतं बघून भलेभले फसतात. म्हणून पेटीत नळी होती. तिच्यात तोंड घालायचं, आतला मऊ बोळा टॉन्सिलवरून फिरायचा, माणूस ओकारी काढायचा, आणि चार मिनिटांत जिवाणूची जनुकं सापडली तर खालून पेनिसिलिनचं पाकीट पडायचं. नाही सापडली तर पडायची मिठाची पुडी आणि एक चिठ्ठी : कोमट पाण्यात टाकून गुळण्या करा, विश्रांती घ्या.

ती मिठाची पुडी गावाला फार लागली. घशाला नव्हे, मनाला.

"मीठ? सरकारनं मला मीठ दिलं?" पोपटराव पुडी लोकांना दाखवत ओट्यावर उभे राहिले. "माझ्या घरात काय मीठ नाय? म्हशीला कोंड्यात घालतो मी मीठ."

पहिल्या महिन्यात अठ्ठावन्न जणांनी आ केला आणि अठ्ठावन्न पुड्या पडल्या. मग आला नवनाथ डुंबरे, आणि पेटीतून टप्पकन पाकीट पडलं.

नवनाथ बैलगाडा शर्यतीचा निवेदक. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी लागून गाडा सुटला की माइकवर जो माणूस बैलांचं, मालकाचं आणि मालकाच्या आजोबांचं नाव एका दमात घेतो, तो. आवाज असा की बैल आधी त्याला भ्यायचे, मग चाबकाला. पण माइक खाली ठेवला की त्याला कुणी चहा विचारत नसे. दीड एकर जमीन, बायको सारिका, नऊ वर्षांची पोरगी ईश्वरी, आणि घसा. एवढीच त्याची इस्टेट.

त्या दिवशी तीन दिवस ओरडून त्याचा आवाज बसला होता, म्हणून तो सहज गेला. पाकीट मिळालं, खाल्लं, आवाज सुटला. महिन्यानं पुन्हा आवाज बसला, पुन्हा पाकीट. तिसऱ्यांदाही पाकीट. आठवड्यातून दोनदा उपकेंद्रावरून येणाऱ्या मुलाणी सिस्टरनी नोंदी बघून कपाळाला आठी घातली.

"नवनाथभाऊ, ताप आलेला?"

"नाय."

"गिळताना दुखतं?"

"काल पाच भाकरी गिळल्या, सिस्टर."

"मग तुम्ही वाहक दिसता. जिवाणू तुमच्या घशात भाड्यानं राहतोय. तुम्हाला त्रास नाही, त्याला घाई नाही. अशांना औषधाची गरज नसते, आणि औषधानं तो धड हलतही नाही. तुमचं नाव मी वाहकांच्या यादीत टाकते, आता पेटीकडे येत जाऊ नका."

सिस्टर हे हळू बोलल्या. पण ओट्यावर पोपटराव बसले होते, आणि फुकट काही मिळणार असलं की त्यांचे कान सशासारखे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवनाथला घरी बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला, तोही बशीसकट. नवनाथला तेव्हाच कळायला हवं होतं.

"नवनाथराव," पोपटराव म्हणाले. आजवर ते नवन्या म्हणत. "आठ दिवस झालं, खोकला जाईना. मला जरा तुमचा घसा लागतोय."

"म्हंजी?"

"अंगठा माझा. आ तुमचा."

पेटीला अंगठ्याची पाटी उजव्या बाजूला होती आणि नळी समोर. मधे दीड हाताचं अंतर. ज्यानं ते यंत्र बनवलं तो कुठंतरी काचेच्या इमारतीत बसून बनवत होता. अंगठा आणि तोंड ही एकाच माणसाला असतात, असा त्या बिचाऱ्याचा समज. पोपटरावांनी पाटीवर अंगठा टेकला, नवनाथनं नळीत तोंड घातलं, आणि टप्पकन पाकीट पडलं. पोपटरावांनी ते प्रसादासारखं कपाळाला लावलं.

मग काय विचारता. सिस्टर नसल्या की ओट्यावर रांग. नवनाथनं कुणाकडून पैसा घेतला नाही, तो तसला माणूसच नव्हता. पण लोक त्याला अहो-जाहो करू लागले. लग्नाच्या पंगतीत वरच्या रांगेत पाट मिळाला. कुणी अंडी दिली, कुणी कोंबडी. सारिका मात्र पहिल्यापासून फटकळ.

"लोक तुम्हाला मान देत्यात का तुमच्या टॉन्सिलाला, ते एकदा बघा," ती म्हणाली.

"तुला गावाचं भलं बघवत न्हाई."

"भलं? निम्मं गाव सकाळपासनं तांब्या घेऊन पळतंय."

ते मात्र खरं होतं. विषाणूच्या खोकल्यावर पेनिसिलिन खाल्लं तर विषाणूला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत, पण पोटातले आपल्या कामाचे जिवाणू फुकट मरतात आणि मग पोट सूड घेतं. शिंगोशी हगत होती आणि शिंगोशी खूश होती. औषध लागू पडतंय म्हणजे आतलं सगळं बाहेर निघतंय, असा पोपटरावांनी निर्वाळा दिला होता.

होळीपर्यंत एकतीस अंगठे झाले.

गावाला माहीत नव्हतं ते एवढंच, की पेटी प्रत्येक जिवाणूची जनुकं अक्षर न अक्षर वाचून जिल्ह्याला कळवत होती. जिल्ह्याच्या संगणकाला दिसलं की शिंगोशीत, वाहक नवनाथ सोडून, एकतीस माणसांच्या घशात एकच जिवाणू आहे, तोही एका अक्षराचाही फरक नसलेला. एवढी शुद्ध साथ त्यानं जन्मात बघितली नव्हती. त्यानं लाल दिवा लावला.

चैत्री पौर्णिमा दहा दिवसांवर. त्या दिवशी गावची यात्रा आणि घाटात दोनशे गाडे. आणि नेमक्या त्या आठवड्यात पथक आलं, पांढरे झगे घातलेलं. पथकाच्या प्रमुख डॉ. आभा सोनवलकर, बत्तीस वर्षांच्या, चेहऱ्यावर झोप नाही आणि गावात कुणाशी नातं नाही. त्यांनी वेशीला दोरी बांधली आणि जाहीर केलं : चौदा दिवस गाव बंद. यादीतल्या एकतीस जणांची उद्या घरोघर फेरतपासणी. साथ पसरू नये म्हणून पथक दारातच थांबेल, हातातलं यंत्र आत द्यायचं, रोग्यानं दार लावून आ करायचा आणि अंगठा लावायचा.

पोपटरावांनी गोठ्यात बैठक घेतली. स्वतःचा आवाज पार बसलेला. चार कोर्स खाऊन खोकला तिथंच होता आणि बोलणं काही बंद नव्हतं.

"उद्या घसं साफ निघालं तर चोरी उघडी पडंल," ते फाटक्या भोंग्यासारखं बोलले. "यादीत जिवाणू हाय म्हणलंय तर जिवाणू निघाला पायजे. नवनाथराव, तुमच्यावर गावाची अब्रू हाय."

आता जरा डोकं लावा. घसे साफ निघाले असते तर डॉक्टरीण बाई म्हणाली असती, औषध लागू पडलं, साथ गेली, करा यात्रा. प्रश्न मिटला असता. पण गोठ्यात एकतीस माणसं आणि तीन म्हशी होत्या, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. म्हशींना निदान मत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ मागच्या भिंतींवरून पळाला. पुढच्या दारात पथक, मागच्या दारात नवनाथ. आ करायचा, ओकारी काढायची, घरच्याचा अंगठा लागला की पुढच्या भिंतीवर. सहाव्या घरी तुळशीवृंदावन पडलं. अकराव्या घरी न्हाणीत बाई होती, तिनं डोळे मिटूनच अंगठा दिला. एकोणिसाव्या घरी काळ्या कुत्र्यानं नडगी धरली. शेवटच्या घरी पोहोचला तेव्हा पायजम्याची एक बाजू मागच्या बाभळीवर राहिली होती आणि घशात बोळा एकतीस वेळा फिरून आग पडली होती. पण एकतीसच्या एकतीस यंत्रांनी हो म्हटलं. गावानं त्याला त्या दुपारी खांद्यावर घेतलं.

रात्री जिल्ह्याच्या संगणकानं हिशेब मांडला : एकतीस माणसं, प्रत्येकानं पेनिसिलिनचा पुरा कोर्स घेतलेला, आणि जिवाणू एकाच्याही घशातून हललेला नाही. म्हणजे हा जिवाणू पेनिसिलिनला जुमानत नाही. जगात आजवर असं झालं नव्हतं. संगणकानं शिंगोशीच्या प्रत्येक अंगठ्यावर पेनिसिलिन बंद केलं आणि हुकूम काढला : एकतीस जणांना जिल्ह्याच्या बंद कक्षात न्यावं आणि शेवटच्या फळीचं औषध शिरेतून द्यावं. लागू पडतं खरं, पण मूत्रपिंडांचा दम काढतं.

त्यानंतर तीन दिवसांनी ईश्वरीला ताप भरला.

खोकला नाही, नाक वाहत नाही. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. सारिकानं चमच्यानं जीभ दाबून बॅटरी मारली तर लालभडक टॉन्सिलांवर पांढरे ठिपके. जबड्याखाली हात लावू देईना. नवनाथनं एकतीस जणांसाठी आ केला होता, पण आजारी घसा तो पहिल्यांदा बघत होता.

पोरीनं स्वतःचं तोंड नळीत घातलं, स्वतःचा अंगठा लावला. पेटी चार मिनिटं गुरगुरली. जिवाणू आहेत, म्हणाली. पण खालून काही पडलं नाही. पडद्यावर अक्षरं आली : पेनिसिलिन बंद. रोग्याला बंद कक्षात हलवा.

मुलाणी सिस्टरनी ईश्वरीच्या कपाळाला हात लावला आणि नवनाथला बाजूला घेतलं.

"हा खरा आहे, भाऊ. साध्या पेनिसिलिननं दोन दिवसांत पोरगी खेळायला लागेल. पण नाही दिलं तर पुढं हृदयाच्या झडपांना धोका असतो. ताप आल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू करायला हवं."

"तालुक्याला नेतो."

"तालुक्याला अंगठा शिंगोशीचाच लागणार. नाहीतर परवाच्या गाडीत बाकीच्यांबरोबर बंद कक्षात. दहा दिवस, एकटी. आणि ते दुसरं औषध." सिस्टरनी बॅग बंद केली. "ते एकतीस निकाल मला पहिल्या दिवसापासून पटलेले नाहीत. पण मी दोनदा लिहून कळवलं, तर वरून उत्तर आलं की यंत्र चुकत नाही. आता तुम्ही बोला."

नवनाथ घरी आला. सारिका पोरीला गार पट्ट्या लावत होती. लोकांनी दिलेली अंड्यांची टोपली तिनं पायानं त्याच्याकडं सरकवली.

तो पोपटरावांकडे गेला. पोपटरावांना आता अजिबात आवाज नव्हता. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं : गप्प रहा. गावाची अब्रू.

"आन् माझ्या पोरीचं काळीज?"

पोपटरावांनी पुसलं आणि लिहिलं : दहाच दिवस.

नवनाथनं बशीसकट ठेवलेला चहा तसाच सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या पटांगणात गाडी लागली. एकतीस माणसं तोंडाला फडकी बांधून, हातात पिशव्या घेऊन रांगेत. बत्तिसावी ईश्वरी, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. डॉ. सोनवलकर यादी वाचायला उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात देवळाच्या शिखरावरचा कर्णा खरखरला. यात्रेसाठी बांधलेला माइक नवनाथच्या हातात होता.

"ऐका मंडळी. आजच्या बाऱ्या जाहीर करतोय. बारी पहिली. अंगठा पोपटराव कोरडे यांचा, घसा नवनाथ डुंबरे याचा. बारी दुसरी. अंगठा बाजीराव थोरवे यांचा, घसा नवनाथ डुंबरे याचा. बारी तिसरी. अंगठा कांताबाई थोरवे यांचा, घसा पुन्हा तोच. एकच बैल, मंडळी, एकतीस गाड्यांना जुंपलेला."

आधी लोक हसले, सवयीनं.  आठव्या बारीला पहिली चप्पल आली. नवनाथनं मान वाकवून ती चुकवली आणि नववी बारी घेतली. एकतीसपर्यंत तो थांबला नाही. आवाज फाटला, पण एकही नाव गाळलं नाही.

"हे काय चाललंय?" डॉ. सोनवलकरांनी सिस्टरना विचारलं.

"खरं बोलतोय, मॅडम. एकच घसा आहे. तोही आजारी नसलेला."

"अशक्य. त्या तपासणीला आम्ही प्रत्येक दारात उभे होतो."

नवनाथ खाली आला आणि त्यानं पायजमा वर करून नडगी दाखवली. "एकोणिसाव्या घरचं कुत्रं, मॅडम. दात मोजून घ्या."

बाईंनी दात मोजले नाहीत. त्यांनी पटांगणातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं एकेकाला आ करायला लावला. तीस घसे साफ निघाले, एकात साधा विषाणू होता, तो पोपटरावांचा. बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. चार रात्री जागून त्या अहवाल लिहीत होत्या, जगातली पहिली अशी भयंकर साथ म्हणून.

"सरपंच कोण आहे इथं?" त्यांनी विचारलं. "बंदी उठवायची तर मला सरपंचाचा जबाब हवा. तोंडी, माझ्यासमोर."

पोपटराव पुढं झाले. तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. पटांगण वाट बघत राहिलं. मग एकेक मान वळली ती रांगेतल्या सतराव्या नंबरकडं.

इंदूबाईंनी तोंडावरचं फडकं सोडलं.

"मी सरपंच." आवाज बारीक होता, पण होता. "यादीत माझंबी नाव हाय, घसा दुखतो म्हणून. ह्यांनी माझा अंगठा नेला. पर बाई, माझा घसा आजवर कधी दुखलाच न्हाई. वापरलाच न्हाई, तर दुखंल कशानं?"

 बायकांच्या बाजूला कुणीतरी बांगड्या मागं सारल्या.

"नवनाथनं चूक केली. पर घसा एकच व्हता, अंगठे एकतीस व्हते, त्यात एक माझा. समद्यांच्या नावानं ल्ह्या." त्या जरा थांबल्या, जणू पुढचं वाक्य कुठून आणायचं ते बघत होत्या. "पर आधी त्या पोरीला औषध द्या. शिव्या मागनं द्या. आम्ही कुठं पळत न्हाई, वेशीला दोरी तुम्हीच बांधलीया."

ईश्वरीचा अंगठा दुपारी मोकळा झाला. तापाचा तिसरा दिवस होता. पहिली गोळी तिनं रडत गिळली, तिसरी दुसऱ्या दिवशी सायंकाळी आइस्क्रीम मागत. दहा दिवसांचा कोर्स सारिकानं एकही वेळ न चुकवता पुरा करून घेतला. बरं वाटलं की औषध सोडायचं, हा शिंगोशीचा दुसरा धंदा तिला ठाऊक होता.

बंदी उठली. यात्रा झाली. शिक्षाही झाली : एकतीस जणांना दंड, आणि नवनाथला वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेटीशेजारी बसून, मिठाची पुडी मिळालेल्या प्रत्येकाला ती का मिळाली हे समजावून सांगायचं काम. तो ते माइकवर सांगतो. "गुळणी घेतली, मान मागं टाकली, आणि पाणी घाटात घुसलं मंडळी," असं सुरू झालं की लोक घसा दुखत नसताना ऐकायला येतात.

जिल्ह्याच्या गोदामात वर्षभर धूळ खात पडलेली नवी पेटीही यात्रेआधीच आली. ती दोन प्रश्न विचारते. पहिला, जिवाणू आहे का. दुसरा, शरीर त्याच्याशी लढतंय का. कारण घरात चोर शिरला की घरचे ओरडतात आणि भाडेकरू आला की ओरडत नाहीत. ती ओरड रक्ताच्या थेंबात सापडते. शिवाय ती थुंकीतूनच माणूस ओळखते. अंगठा लागत नाही. ज्याचं तोंड, त्याचीच नोंद.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी नवनाथचा आवाज पार बसला होता. त्यानं आ केला. पेटी म्हणाली : जिवाणू आहेत, ते जुनेच. आजार विषाणूचा. मिठाची पुडी पडली. त्यानं ती गुपचूप खिशात घातली. मागं कोण आहे म्हणून वळून बघितलं तर इंदूबाई. काल घाटात उद्घाटनाला त्याच त्या माइकवर अर्धा तास बोलल्या होत्या. रस्त्यावर बोलल्या, पाण्यावर बोलल्या, आणि शेवटी वेळ संपली म्हणून नव्हे, तर बैल बिथरले म्हणून थांबल्या.

शेजारी पोपटराव. त्यांचा आवाज आता परत आला होता.

"सिस्टर, हिला कालपासनं गिळताना—"

"तोंड ज्याचं दुखतंय त्यानं उघडायचं," मुलाणी सिस्टर म्हणाल्या.

इंदूबाईंनी नळीत तोंड घातलं. चार मिनिटं झाली. पुडी पडली. पोपटरावांनी सवयीनं हात पुढं केला, पण त्यांच्या आधी इंदूबाईंनी ती उचलली आणि तळहातावर ठेवून जरा वेळ बघितली.

"वैनी, फार दुखतंय का?" नवनाथनं फाटक्या आवाजात विचारलं.

"दुखतंय की," इंदूबाई म्हणाल्या आणि पुडी पदराला बांधली. "दुखू दे. आत्ताशी वापरात आलाय."